जुन्या टीव्हीचं चित्र फिरतंय आणि फिकंही पडलंय? बटणं पिळण्याआधी हे वाचा

एक जण माळवदावर, हातात बांबूला बांधलेला अँटेना. एक पोरगं अंगणात, निरोप पोचवायला. आणि आत टीव्हीसमोर बसलेली अर्धी गल्ली. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" मंडळी, १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत मूळ कार्यक्रमाआधी हा कार्यक्रम व्हायचा. नायगावसारख्या गावात तर जास्तच. १९८४ च्या सुमारास दूरदर्शनने देशभर जे लो पॉवर ट्रान्समीटर बसवले, ते साधारण १०० वॉटचे आणि त्यांचा पल्ला २५ किलोमीटरच्या आसपास. नायगाव नांदेडपासून त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. अंबाजोगाईचा मोठा टॉवर लातूरकरांना जवळचा, पण नायगाव-देगलूरच्या पट्ट्याला तोही लांबच. म्हणून उंच बांबू, म्हणून बूस्टर, आणि म्हणून टीव्हीच्या मागच्या बटणांशी सगळ्या घराची ओळख.

तेच टीव्ही आता माळ्यावरून खाली येतायत. कुणाला आजोबांची आठवण म्हणून चालू करायचाय, कुणाला हॉटेलात शोभेला ठेवायचाय, कुणाला रील करायचंय. प्लग लावला की नशिबाने पडदा उजळतो, पण चित्र वरच्या वर पळत असतं आणि वर धुतलेल्या सदऱ्यासारखं फिकं. मग एखादा जाणकार येतो, दोन बटणं फिरवतो आणि सांगतो, "पिक्चर ट्यूब गेली." सेट भंगारात जातो. नवी ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर ट्यूब आता बाजारात मिळत नाही, त्यामुळे हा निकाल म्हणजे फाशीच. आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो, कारण ट्यूब धडधाकट असते आणि मेलेला असतो एखादा कंडेन्सर.

निकाल चुकतो त्याचं कारण असं की फिरणं आणि फिकेपणा हे दोन वेगळे आजार धरले जातात. अनेकदा तो एकच असतो. कसं ते समजायला आधी टीव्हीच्या पोटात डोकावू.

पंगत आणि वाढपी

आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं. पिक्चर ट्यूबच्या मागच्या टोकाकडून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एकेक ओळ काढत जातो. पंगतीतला वाढपी समजा. तो डावीकडून उजवीकडे वाढत जातो, ओळ संपली की झटकन मागे येऊन पुढची ओळ धरतो. शेवटची ओळ झाली की पुन्हा पहिलीकडे. (खरं तर तो आधी एक सोडून एक ओळी वाढतो आणि मग उरलेल्या. त्यामुळे सेकंदाला पूर्ण चित्रं २५, पण वरून खाली फेऱ्या ५०.) एका ओळीला त्याच्याकडे फक्त ६४ मायक्रोसेकंद असतात, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी.

आता या वाढप्याला दोन गोष्टी कळायला हव्यात. कुठे किती वाढायचं, म्हणजे कुठे उजेड आणि कुठे अंधार. आणि ओळ कधी बदलायची. दोन्ही निरोप एकाच सिग्नलमधून येतात. सिग्नलच्या उंचीतला साधारण ७० टक्के भाग चित्राचा, उरलेला ३० टक्के ठोक्यांचा. प्रत्येक ओळीच्या शेवटी ४.७ मायक्रोसेकंदांचा एक बारीक ठोका येतो, तो 'ओळ बदल' सांगतो. प्रत्येक फेरीच्या शेवटी जाड ठोक्यांचा एक गठ्ठा येतो, तो 'वर जा' सांगतो. हे ठोके म्हणजे सिंक. चित्राच्या भागाची उंची किती ठेवायची ते कॉन्ट्रास्टचं बटण ठरवतं.

टीव्हीत सिग्नल आधी अँटेनातून ट्यूनरमध्ये, तिथून आयएफ नावाच्या टप्प्यातून मोठा होऊन व्हिडिओ अँप्लिफायरकडे येतो. तिथे रस्ता फुटतो. एक फाटा पिक्चर ट्यूबकडे जातो, दुसरा सिंक सेपरेटरकडे. हा सेपरेटर चित्र बाजूला टाकतो आणि फक्त ठोके पुढे पाठवतो.

सगळी मेख या फाट्यात आहे. फाट्याच्या अलीकडे बिघाड असला तर चित्रही बिघडणार आणि सिंकही. पलीकडे असला तर दोहोंपैकी एकच बिघडेल. म्हणजे चित्र फिरतंय पण काळं-पांढरं झकास दिसतंय, तर सिंकच्या फाट्यावर शोधा. चित्र ठाम उभं आहे पण फिकं आहे, तर ट्यूबच्या फाट्यावर. दोन्ही एकदम गेलंय, तर फाट्याच्या मागे जा. टेस्टर हातात घेण्याआधी हे नुसत्या डोळ्यांनी ठरतं, आणि माझ्या मते निम्मी दुरुस्ती इथेच होते.

मुंग्या आहेत का बघा

दोन्ही एकदम गेलंय असं दिसलं की पहिला प्रश्न मुंग्यांचा. पडद्यावर मुंग्या असतील तर सिग्नल अशक्त आहे. पण नायगावकरांनी वर्षानुवर्षं मुंग्यांमधूनच टीव्ही बघितला आणि चित्र तरीही बहुतेक वेळ उभं राहायचं. हा योगायोग नव्हता. आपल्या पद्धतीत सिंकचे ठोके ट्रान्समीटरच्या पूर्ण ताकदीने जातात, काळा रंग सुमारे पाऊण ताकदीने आणि पांढरा रंग सगळ्यात कमी, १० टक्क्यांच्या आसपास. सिग्नल दुबळा झाला की चित्राची दशा आधी होते, ठोके शेवटपर्यंत तग धरतात. म्हणून थोड्याच मुंग्या असूनही चित्र गरगर फिरत असेल, तर सगळा दोष अँटेनावर ढकलू नका.

उलटा प्रकार जास्त फसवा आहे. मुंगी एकही नाही, चित्र भडक, केस आणि सावल्या डांबर ओतल्यासारख्या, उभ्या रेषा वाकलेल्या, आवाजात गुरगुर आणि मधूनच चित्र पळतंय. हे सिग्नल जास्त झाल्याचं लक्षण. सिंकचे ठोके सिग्नलमध्ये सर्वांत उंच असतात, त्यामुळे आयएफचा टप्पा तुडुंब भरला की पहिल्यांदा त्यांचीच डोकी छाटली जातात. गंमत म्हणजे अशा वेळी कॉन्ट्रास्ट कमी करून फरक पडेलच असं नाही, कारण छाटणी त्याच्या मागेच झालेली असते. सिग्नलच कमी करायला हवा.

पूर्वी हे ट्रान्समीटरच्या शेजारच्या घरांत व्हायचं. आता ते कुठेही होतं, कारण जुन्या वायरीत अजून तो बूस्टर लावलेला असतो आणि त्यात आपण सेट-टॉप बॉक्सचा सिग्नल घालतो. बूस्टर काढून बघा. तरीही तसंच असेल तर संशय एजीसीवर घ्यावा. सिग्नल कमी-जास्त झाला तरी आयएफची वाढ आपोआप सांभाळणारी ही यंत्रणा आहे. ती अडकली की कधी सगळं भडक, कधी सगळं फिकं, आणि दोन्ही वेळा सिंक बेभरवशाचा. इथे एक चक्रव्यूह आहे: अनेक सेटमध्ये एजीसीला आडव्या स्कॅनिंगकडून येणारे ठोके लागतात, आणि आडवं स्कॅनिंग जुळायला सिंक लागतो. कोण कुणामुळे बिघडलं ते कळत नाही. जाणते मेकॅनिक एजीसीच्या वायरीवर बाहेरून ठरावीक व्होल्टेज देऊन बघतात. चित्र लगेच शहाण्यासारखं वागलं तर चोर एजीसीतच.

ट्यूब म्हणजे कोणती?

थोडं थांबून एक घोळ मिटवू. आपण 'ट्यूबचा टीव्ही' म्हणतो तेव्हा बहुतेकांना पिक्चर ट्यूब अभिप्रेत असते. पण त्याआधीच्या टीव्हीत आत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, रेडिओसारखे तांबूस पेटणारे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या दशकात भारतात विकले गेलेले बरेच सेट हायब्रिड होते, म्हणजे काही कामं ट्रान्झिस्टरकडे आणि जड कामं व्हॉल्व्हकडे. मराठवाड्यात घरोघर टीव्ही आले ते ऐंशीच्या दशकात, तेव्हा बहुतेक सेट ट्रान्झिस्टर आणि आयसीचे झाले होते. त्यामुळे नायगावात खरा व्हॉल्व्हचा सेट सापडला, तर तो मुंबई-पुण्याहून किंवा हैदराबादहून कुणीतरी आधीच आणलेला असण्याची शक्यता जास्त.

मागच्या जाळीतून बघा. पीसीएल ८४, पीसीएल ८०५, पीएल ५०४ असे आकडे लिहिलेल्या काचेच्या बाटल्या दिसल्या तर तो व्हॉल्व्हवाला. पीसीएल ८४ हा साधारणपणे व्हिडिओ अँप्लिफायर, म्हणजे आपला तो फाटा. पीसीएल ८०५ चित्र उभं पसरवतो, पीएल ५०४ आडवं. या व्हॉल्व्हचे फिलॅमेंट लग्नातल्या जुन्या लायटिंगच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की सगळे विझतात, तेव्हा 'सगळे व्हॉल्व्ह उडाले' म्हणून घाबरायचं कारण नाही.

झाकण उघडण्याआधी

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. व्हॉल्व्हच्या आणि बऱ्याच जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, विजेची एक वायर थेट आतल्या लोखंडी पत्र्याला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की अख्खा पत्रा २३० व्होल्टवर. पिक्चर ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली जी जाड वायर जाते तिच्यावर ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्येही १२ ते १८ हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये तो भार बराच वेळ टिकून राहू शकतो. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. मागची बारीक मान तुटली तर हवा जोरात आत घुसते आणि ट्यूब जाते, पुढची जाड काच फुटली तर तुकडे उडतात. ज्यांनी हे काम पूर्वी केलेलं नाही त्यांनी बाहेरची बटणं आणि अँटेनापर्यंतच राहावं. मागचं झाकण उघडणं हे जुन्या मेकॅनिकचं काम.

वीस-पंचवीस वर्षं बंद असलेला सेट थेट प्लगमध्ये घालणं हाही गुन्हाच. आतले मोठे कंडेन्सर वाळलेले असतात, एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं तर फुटतात आणि सोबत दुसरं काहीतरी नेतात. मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, त्यात १०० वॉटचा साधा बल्ब मध्ये घेऊन सेट लावतात. बल्ब सुरुवातीला चमकून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नये. डिमरस्टॅट असेल तर आणखी चांगलं, व्होल्टेज हळूहळू चढवता येतं.

फक्त फिरतंय, तेव्हा

आता समजा काळं-पांढरं छान आहे, पण चित्र स्थिर नाही. वर-खाली पळतं की तिरप्या पट्ट्यांत फाटतं, ते आधी बघा. दोन्ही होत असेल तर ठोके सेपरेटरमधूनच नीट निघत नाहीत. एकच होत असेल तर सेपरेटर बहुधा निर्दोष आणि बिघाड त्याच्या पुढे.

वर-खाली पळणाऱ्या चित्रासाठी व्ही-होल्डचं बटण अगदी हळू फिरवा आणि एवढंच बघा: एका टोकाला चित्र वर जातं, दुसऱ्या टोकाला खाली येतं, आणि मध्ये कुठेतरी क्षणभर थबकतं का? थबकून पुन्हा निसटत असेल, तर सेटची स्वतःची उभी गती योग्य आहे, तिला ठोका मिळत नाहीये. एका टोकापर्यंत फिरवूनही चित्र एकाच दिशेला पळत राहिलं, तर गतीच बिघडली आहे. मग ती ठरवणारा रेझिस्टन्स किंवा कंडेन्सर बदलावा लागतो. चित्र खाली पळत असेल तर सेट घाईत आहे, वर पळत असेल तर रेंगाळतोय. मुळात सेट किंचित रेंगाळता ठेवलेला असतो, म्हणजे प्रत्येक ठोका त्याला वेळेआधी ढकलून जागेवर आणतो. घाईतल्याला ठोका थांबवू शकत नाही. म्हणून चित्र जेमतेम थांबलं की बटण सोडू नका, ते पकडल्यानंतर किंचित पुढे न्या. दरवेळी चॅनल बदललं की चित्र पळायचं, ते पुष्कळ घरांत एवढ्याच कारणाने.

तिरप्या पट्ट्या असतील तर त्या मोजा. प्रत्येक पट्टी म्हणजे आडव्या गतीत ५० ओळींची चूक. दहा पट्ट्या म्हणजे सेकंदाला ५०० ओळी इकडे-तिकडे. एच-होल्ड फिरवताना पट्ट्या कमी होत एकावर आल्या आणि चित्र जुळलं, तर काम झालं. जुळता जुळता निसटत असेल, तर ठोका आणि सेटची गती ताडून बघणाऱ्या सर्किटमधले दोन डायोड तपासायला सांगा. ते जोडीने काम करतात, एक म्हातारा झाला की तोल जातो.

सेपरेटरच्या बिघाडाची एक खूण मला फार आवडते. चित्र एरवी बरं असतं, पण पांढराशुभ्र शर्ट घातलेला माणूस पडद्यावर आला की त्याच्या उंचीएवढं चित्र बाजूला सरकतं, आणि तो गेला की सरळ होतं. म्हणजे सेपरेटर चित्राचा काही भाग ठोका समजून पुढे पाठवतोय. सेपरेटरच्या तोंडाशी एक कंडेन्सर असतो. त्याची गळती सुरू झाली की काळं-पांढरं आणि ठोका यांच्यातली सीमा हलते. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हा कागदी कंडेन्सर आणि त्याच्याजवळचा मोठ्या किमतीचा रेझिस्टन्स हे दोघं पहिले संशयित. कमी खर्चाची दुरुस्ती, आणि सेट पुन्हा माणसात येतो.

चित्राच्या दोन्ही कडा सापासारख्या वळलेल्या असतील आणि ते वळण हळूहळू वर किंवा खाली सरकत असेल, तर सिंकला हात लावू नका. ती विजेची ५० हर्ट्झची लहर आहे, पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कंडेन्सर वाळला आहे. सोबत एक आडवा काळसर पट्टाही दिसतो, म्हणून लोक कॉन्ट्रास्टही गेला म्हणतात. आणि आपल्याकडचं लो व्होल्टेज विसरून चालणार नाही. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की लाइट डिम, चित्र चारही बाजूंनी आक्रसतं आणि होल्ड सुटतो. स्टॅबिलायझर काय उगाच टीव्हीसोबत विकले जात नव्हते.

फक्त फिकं आहे, तेव्हा

चित्र ठाम उभं, पण काळं काळं नाही आणि पांढरं पांढरं नाही. इथे व्हिडिओ अँप्लिफायरचा शेवटचा भाग, त्याचे रेझिस्टन्स, ट्यूबकडे जाणारा कंडेन्सर आणि खुद्द कॉन्ट्रास्टचं बटण तपासावं. जुन्या बटणात धूळ बसून आतली पट्टी झिजते, फिरवताना चित्रात खरखर दिसते.

पिक्चर ट्यूब दमली असेल तर तिची चाल वेगळी असते. चालू केल्यावर चित्र यायला फार वेळ लागतो आणि पाच-दहा मिनिटांत ते थोडं सुधारतं. कॉन्ट्रास्ट वाढवला की चेहऱ्यावरचा उजेड वाढत नाही, त्यावर चांदीचा वर्ख लावल्यासारखी चकाकी येते, कधी उजळ भाग निगेटिव्हसारखा उलटा दिसतो. ही चकाकी दिसली तरच ट्यूबवर बोट ठेवा. नुसत्या फिकेपणावरून ट्यूबला मृत ठरवणारा मेकॅनिक घाईत आहे.

आता दाखवायचं काय?

दूरदर्शनने आपले जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले. म्हणजे बांबू कितीही उंच केला तरी नायगावात आता मुंग्याच दिसणार, आणि त्या पाहून सेट बिघडला असं समजू नये. सिग्नल घरातच तयार करावा लागतो. फ्री डिशचा किंवा कुठलाही बॉक्स, त्याचं एव्ही आउटपुट एका आरएफ मॉड्युलेटरला, आणि मॉड्युलेटर अँटेनाच्या जागी. जुन्या सेटला चपटी वायर लागते, त्यासाठी दोन वायरींमधला छोटा अडॅप्टर मिळतो. मॉड्युलेटर व्हीएचएफचा घ्या, कारण बरेच जुने सेट त्यापलीकडचं काही पकडत नाहीत.

आणि इथेच आजचा सगळ्यात मोठा चकवा आहे. बॉक्सच्या किंवा मीडिया प्लेयरच्या सेटिंगमध्ये एनटीएससी निवडलेलं असेल, तर तो ५२५ ओळी आणि सेकंदाला ६० फेऱ्या पाठवतो. ओळींचा वेग १५,७३४, आपल्या वेगाच्या इतका जवळ की आडवं चित्र बिनबोभाट जुळतं. उभी गती मात्र ५० ऐवजी ६०, त्यामुळे चित्र वर पळत राहतं. व्ही-होल्ड पिळून ते थांबलंच, तर बुटकं दिसतं, वर-खाली काळी जागा. सेट ठणठणीत असताना कुणीतरी आतले प्रीसेट फिरवून त्याची वाट लावतो. त्याआधी बॉक्सच्या मेनूत जाऊन पाल निवडा.

चित्र आलं की कॉन्ट्रास्ट पूर्ण कमी करा, ब्राइटनेस इतका ठेवा की पडद्याचा काळा भाग नुसता काळा होईल, मग कॉन्ट्रास्ट वाढवत जा आणि पांढरा शर्ट फुलायला लागायच्या आत थांबा. सेट अर्धा तास चालू ठेवा, पण कुणीतरी खोलीत बसून राहा. गरम झाल्यावर चित्र पुन्हा पळायला लागलं, तर व्ही-होल्डशी झगडत बसू नका. कोणत्या मिनिटाला पळालं ते मेकॅनिकला सांगा. उष्णतेने गळणारा कंडेन्सर थंड सेटमध्ये सापडत नाही.